त्वचेची प्रकृती आणि तिची निगा

(मंडळाच्या महिला शाखेने देहूरोड येथे योजिलेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभातील भाषण)



मी वैद्य नव्हे आणि प्रसाधनकलेची जाणकारही नव्हे. पंचवीस वर्षे शाळेत शरीरशास्त्र शिकविले, एवढेच माझे भांडवल. तरीही हा विषय मी आपण होऊन मागून घेतला, त्यास कारण घडले.

माझ्या एका भाचीचे लग्न ठरावयाचे होते. मुलगी सावळी, शिकलेली, हसतमुख. कोणा हितचिंतकाने औषधाच्या दुकानातून एक मलम आणून दिले. पंधरवड्यात चेहरा उजळला आणि घरात आनंदीआनंद झाला. चार महिन्यांनी त्याच चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या, गालांवर लाल शिरांचे जाळे दिसू लागले, उन्हात पाऊल टाकताच आग होऊ लागली. मलम बंद करावे तर त्रास दुप्पट. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी नळी उलटून पाहिली आणि सांगितले की यात स्टेरॉइड आहे. मुलीला पूर्ववत होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. अशी कित्येक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केंद्र शासनाने 2018 साली केला आहे. परंतु नियम कागदावर राहतो आणि नळी घरात येते.

आपली त्वचा कोणत्या प्रकृतीची, हे त्या मुलीला कोणी कधी विचारलेच नव्हते. आयुर्वेदाने वाताच्या माणसाची त्वचा रुक्ष व कफाच्या माणसाची स्निग्ध असे पूर्वीच सांगून ठेविले आहे. आधुनिक शास्त्र तेलकट, कोरडी, मिश्र, समतोल असे प्रकार करते आणि चटकन बिघडणारी नाजूक त्वचा निराळी मोजते. परीक्षा सोपी आहे. सौम्य साबणाने तोंड धुवावे, काहीही न लावता तासभर कामास लागावे, मग आरशापुढे उभे राहावे. सर्व चेहरा चकाकत असेल तर तेलकट. ओढल्यासारखा वाटून कोंडा दिसेल तर कोरडी. कपाळ, नाक व हनुवटी तेवढी चकाकून गाल कोरडे राहतील तर मिश्र. ही परीक्षा हिवाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा घ्यावी, कारण प्रकृती वयाप्रमाणे व ऋतूप्रमाणे बदलते.

आमच्या आईच्या पिढीला हे न शिकता ठाऊक होते, असे मला वाटते. त्या काळी दुकानात दोनच वस्तू मिळत, स्नो आणि कोल्ड क्रीम. मुंबईचे ‘अफगाण स्नो’ तर घरोघरी होते. स्नो अंगात जिरतो, तूपकट राहत नाही, म्हणून तो तेलकट चेहऱ्याचा. कोल्ड क्रीममध्ये तेल व मेण, म्हणून ते कोरड्या त्वचेचे आणि थंडीचे. आज शेकडो बाटल्या आल्या तरी मूळ भेद तोच आहे. तेलकट त्वचेच्या मुलीने पातळ, पाण्यासारखे मलम घ्यावे आणि डोक्याचे तेल कपाळावर ओघळू देऊ नये. निम्म्या पुटकुळ्या तिथेच उगवतात. तिने दिवसातून दहादा तोंड धुणेही बरे नव्हे, दोनदा पुरे. कोरड्या त्वचेच्या बाईने कढत पाणी टाळावे व स्नानानंतर अंग ओलसर असतानाच तेल किंवा मलम चोळावे. टाचांच्या भेगांना आमच्या कोकणातले कोकमाचे तेल आजही कोणत्याही महागड्या डबीस हार जाणार नाही.

उटण्याविषयी मात्र थोडे अप्रिय बोलते. दिवाळीच्या अभ्यंगाचे उटणे तेल लावून मग चोळतात, हे शहाणपणाचे आहे. तेच डाळीचे पीठ कोरड्या गालांवर रोज खसाखसा घासणे हा अत्याचार आहे. लिंबाचा रस तोंडाला लावून उन्हात जाणे त्याहून वाईट. त्याने डाग जात नाहीत, नवे पडतात. नवी वस्तू, मग ती घरची असो वा बाजारची, आधी कोपराच्या आतल्या बाजूस दोन दिवस लावून पाहावी.

आपले मावळही विचारात घ्यावयास हवे. लोणावळ्याकडून पुण्याकडे येताना पाऊस भराभर ओसरतो आणि देहूरोड या दोहोंच्या मध्ये. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, ओलसर कपड्यांनी लोकलने कामावर जावे लागते आणि जांघेत, कमरेला नायटा होतो. त्यावर शेजारणीने दिलेले ‘खाज थांबविणारे’ मलम लावू नका. त्यातही पुष्कळदा तेच स्टेरॉइड असते. खाज थांबते आणि नायटा पसरतो. कारखान्यात व डेपोत राबणाऱ्या बंधूंनी घामाचे कपडे घरी येताच बदलावेत, टॉवेल प्रत्येकाचा निराळा असावा. हिवाळ्यात येथील पहाटेचा वारा ओठ व हात उलवितो, तेव्हा साधे व्हॅसलीन पुरते.

उरले ऊन. वांग असलेल्या स्त्रीने बाकी सर्व सोडून ऊन आवरावे. छत्री, पदर, आणि तीस अंकाच्या वरचे उन्हाचे मलम दोन बोटांच्या लांबीइतके, बाहेर राहिल्यास दर दोन-तीन तासांनी पुन्हा. हे गोरे होण्यासाठी नव्हे. रंग देणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सर्वांच्या कातडीत जवळजवळ सारख्याच संख्येने असतात. त्या रंग किती बनवितात एवढाच फरक, आणि तो रंग उन्हापासून आपले रक्षण करतो. 1975 साली निघालेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने 2020 साली आपल्या नावातून गोरेपण काढून टाकले.

आपल्या वधू-वर सूचीत मात्र ‘रंग’ हा रकाना अद्याप आहे. माझ्या भाचीच्या नावापुढे ‘सावळी’ असे आम्हीच लिहून दिले होते, आणि ते मलम त्या एका शब्दापायी घरात आले. पुढील वर्षाच्या सूचीतून हा रकाना गाळावा अशा अर्थाचे पत्र मी चिटणीसांच्या नावे लिहून आणिले आहे. ज्या भगिनींना, आणि बंधूंनाही, त्यावर सही करावीशी वाटेल त्यांनी तिळगूळ घेताना माझ्याकडे यावे.