मदत कोण कोणाला करतं?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



बैठक कापसाच्या भावासाठी बोलावली आहे आणि मी चुलीवर बोलणार म्हटल्यावर मागच्या ओळीत तंबाखू मळायला सुरुवात झाली. मळा, हरकत नाही. पण मी बोलतो आहे तो हिशेबच आहे.

केंद्राचा कृषिमूल्य आयोग आपला उत्पादन खर्च कसा काढतो ते तुम्हाला आता पाठ झालं आहे. बियाणं, खत, औषध, मजुरी हा झाला ए-२. घरच्या माणसांनी शेतात केलेल्या कामाची मजुरी त्यात मिळवली की झाला ए-२ अधिक एफएल. त्याच्या दीडपट हमीभाव देतो असं सरकार २०१८ पासून सांगतं. जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज धरलेल्या सी-२ साठी आपलं भांडण चालूच आहे, ते सोडायचं नाही. पण त्या एफएलमध्ये जरा डोकावून बघा. सरकी टोबणाऱ्या, निंदणाऱ्या, वेचणाऱ्या बाईचं काम मोजायला सुरुवात होते ती ती शेतात पोचल्यावर. त्याआधी पहाटे उठून तिने पाणी भरलं, भाकरी थापल्या, पोरांना शाळेत धाडलं, सासूचं औषधपाणी केलं, ते कोणत्याच रकान्यात नाही. तोच डबा खानावळीतून आणला असता तर तुम्हीच तो खर्चात लिहिला असता.

आता त्या बाईला विचारा, काय करता? म्हणते, ‘काही नाही, घरीच असते. शेतात थोडी मदत करते.’ वर्षातले कितीतरी दिवस पऱ्हाटीत वाकलेली बाई हे सांगते! जनगणनेच्या माणसालाही तिने, नाही तर तिच्या वतीने नवऱ्याने, हेच सांगितलं. म्हणून १९९१ च्या जनगणनेत प्रश्नातच घालावं लागलं, की शेतावरचं बिनमजुरीचं कामही काम धरायचं.

आणि जो भला माणूस घरी दोन घागरी पाणी आणतो तो काय म्हणतो? ‘मी बायकोला घरात मदत करतो.’ शब्द एकच. शेतात ती मदत करते, घरात हा मदत करतो. म्हणजे शेत याचं आणि चूल तिची, हे आधीच ठरून गेलेलं आहे. फरक एवढाच की याने मदत केली नाही तर कोणी विचारत नाही. तिने वेचणीला येत नाही म्हणून बघावं.

सरकारने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जात होता. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. पण असे घरकाम करणारे पुरुष किती? शंभरात सव्वीस. बाकीच्यांनी त्या दिवशी घरातल्या कामाला हातच लावलेला नाही.

शेतकीचा पदवीधर म्हणून आणखी एक सांगतो. कापूस वेचायचा कधी? दव उतरल्यावर, पण ऊन चढायच्या आत. सकाळच्या गारव्यात पालापाचोळा चुरत नाही, बोंडाला चिकटत नाही, माल स्वच्छ येतो. उन्हात वाळकी पत्ती हात लागताच चुरते आणि कापसात मिसळते. व्यापारी मूठ उघडून नेमकी तीच पत्ती दाखवतो आणि भाव पाडतो. मग ही मोलाची वेळ असते तेव्हा वेचणारी बाई कुठे असते? चुलीपुढे. आणि वेचायला न जाणारा पुरुष कुठे असतो, ते मी सांगायला नको. किलोवर वेचणाऱ्या मजूर बाईच्या घरी हा हिशेब आपल्याआधी कळलेला आहे. वेचणीच्या दिवसांत तिचा नवरा भाकरी टाकताना मी पाहिला आहे. त्यात कौतुक नव्हतं, तास गेला की किलो गेले, एवढंच होतं. जमीनवाल्याच्या घरी मात्र इज्जत आडवी येते.

मायबहिणींनो, आता तुमच्याशी. पुरुषाने तवा हातात घेतला की तुमच्यातल्या पुष्कळ जणी तो काढून घेतात. ‘लोक काय म्हणतील’ हे एक कारण. पण मला वाटतं खरं कारण दुसरं आहे. सगळ्या घरात तुमची म्हणून एवढीच जागा आहे. सातबारा त्याच्या नावावर, कर्ज त्याच्या नावावर, सरकीचं वाण तो ठरवतो, काट्यावर तो उभा राहतो, पट्टी त्याच्या खिशात. अळीने मिटलेली डोमकळी तुम्हाला आधी दिसते, पण औषध कोणतं आणायचं ते दुकानदार आणि तो मिळून ठरवतात. ज्वारीच्या बियाण्याचं कणीस तुम्ही निवडता, त्याला कोणी शेतीचं ज्ञान म्हणत नाही. अशा बाईच्या हातून चूलही गेली तर ती स्वतःला काय म्हणणार? म्हणून नुसती कामं वाटून भागत नाही. तो घरात आला तर तिला शेतात पुढे यायला वाट पाहिजे. पाय ती रोजच ठेवते. मी हक्काने येण्याबद्दल बोलतो आहे.

आपल्या चळवळीला हे नवं नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बायांचं अधिवेशन झालं. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगाव शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ मध्ये सरकारनेही त्याच नावाने परिपत्रक काढलं: नवऱ्याने अर्ज दिला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. तरी २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशात शंभर वहितीदारांमागे बाया चौदाच निघाल्या. अर्ज कोणी रोखला होता?

ज्या घरांत नाव लागलं आणि कामंही वाटली गेली, तिथल्या बाया काय बोलतात ते ऐका. ‘आमच्या शेतात’ हे शब्द जाऊन ‘मी यंदा दोन एकर ज्वारी घेतली’ असं वाक्य येतं. काही घरांत यावरून भांडणंही झाली, तीही मी पाहिली आहेत. नवऱ्याला विचारल्याशिवाय वाण बदललं म्हणून एक जण महिनाभर बायकोशी बोलत नव्हता. ज्वारी चांगली झाली, तरी लगेच बोलला नाही!

पुढची बैठक सकाळी आठला आहे, वेचणीच्या आधी. जोडीने या. भाकरीचं काय करायचं ते आदल्या रात्री घरी ठरवा. सातबाऱ्याचा उतारा बरोबर आणा, अर्जाचे नमुने इथे ठेवलेले असतील. आणि खर्चाच्या तक्त्याला आपण यंदा आणखी एक रकाना जोडला आहे, बांधाच्या अलीकडच्या कामाच्या तासांचा. तो पुरुषांनी भरायचा आहे, बायकोला विचारून.