बोटं हलताहेत तोवर

थंडी अंगात शिरते ती हातापायांच्या वाटेनं, असं आपण धरून चालतो. म्हणून गारठा पडला की आधी पायमोजे शोधतो. थंड पाण्यात स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांचा अनुभव मात्र वेगळा आहे.

हे मला कळलं भाच्यामुळं. तो पाण्याखाली उतरायला शिकला मालवणच्या उबदार समुद्रात. पुढं नोकरीसाठी युरोपात गेला आणि आइसलँडमधल्या सिल्फ्रा या भेगेत उतरायचं त्यानं ठरवलं. उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे दोन भूपट्ट जिथं एकमेकांपासून दूर सरकताहेत, तिथली ही भेग. हिमनदीचं वितळलेलं पाणी लाव्हाच्या खडकांतून झिरपत तिथं येतं. तापमान बारा महिने २ ते ४ अंश सेल्सिअस.

आमच्या आपानं लोकरीचे दोन जोड पायमोजे विणले. ‘एकावर एक घाल म्हणावं.’ भाचा फोनवर हसला. ‘मामू, अम्मीला सांगा, एकच घालीन. घट्ट झाले तर रक्तच पोचणार नाही. मग लोकर काय करील?’

पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं. गारठा जाणवला की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि ऊब काळजापाशी राखतं. तंगीच्या दिवसांत घरातली बाई ओसरीवरचा दिवा मालवून माजघरातला तेवढा ठेवते, तसंच हे. म्हणून बोटं उबदार ठेवायची तर आधी धड आणि डोकं झाकायचं. पाणी आत न शिरू देणारा ड्राय सूट, त्याच्या आत लोकरीचे कपडे, डोक्याला जाड टोपी. हातमोजे सैल असतील तर गार पाणी आतबाहेर खेळतं, फार घट्ट असतील तर रक्त अडतं. बोटं एकत्र राहतील असे मोजे अधिक उबदार. काही जण उतरण्याआधी थर्मासमधलं कोमट पाणी मोज्यांत ओततात. बाहेर आल्यावर मात्र बधिर हात कढत पाण्यात घालायचे नाहीत. भाजलेलं कळतही नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? पाण्याखाली जीव बोटांवर असतो. सूटमध्ये हवा भरायचं बटण, पट्ट्याची कडी, हवेची तोटी, सगळं बोटांनीच हाताळायचं. बधिर बोटाला बटण सापडत नाही.

सिल्फ्रात बोटं जड वाटू लागताच भाच्यानं अंगठा वर केला. आपल्याकडं या खुणेचा अर्थ ‘झकास’. पाण्याखाली तिचा अर्थ ‘वर चला’. सोबती काही न विचारता त्याच्याबरोबर वर आला. डायव्हिंगचा रिवाजच तसा आहे. कुणीही, कधीही, कोणत्याही कारणानं परत फिरावं. त्याला कारण विचारायचं नाही.

जमिनीवर आपण सहसा असं वागत नाही. ‘मला सोसत नाही’ म्हणणाऱ्याला आधी हसतो. मला वाटतं, तो अंगठा बोटं हलताहेत तोवरच वर करायचा असतो. आणि तो ओळखणारं कुणीतरी शेजारी हवं.