गॅलरींतील पाहुणे



मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या उपनगरांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांना घरामागचें परसदार आठवत असेल. एखादें पेरूचें झाड, विहिरीच्या काठीं अळूचे वाफे, कुंपणावर गोकर्ण. त्यांतलीं बहुतेक घरें पडलीं, तेथें उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि परसदार आतां खिडकीच्या गजांत ठेवलेल्या चार कुंड्यांपुरतें उरलें आहे. माझी बाग म्हणजे मुलुंडच्या एका इमारतींतील दुसऱ्या मजल्यावरची दहा फुटांची गॅलरी. अशा जागेंत उपयोगी पांखरें आणि कीटक कसे यावेत, हा आजचा विषय. परंतु आरंभीं मीं नेमकें उलट काय केलें, तें सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं.

एका पावसाळ्यांत आमच्या कढीलिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे ठिपके दिसूं लागले. निरखून पाहतां ते हालत होते! झाड वांचवावें म्हणून मीं त्याच रात्रीं कीटकनाशक आणून फवारलें. सकाळीं सात अळ्या कुंडींत मरून पडल्या होत्या. माझी नात गेले चार दिवस त्या रोज मोजीत होती, हें मला ठाऊक नव्हतें. तिनें एवढेंच विचारलें, “आजोबा, हीं फुलपाखरेंच होणार होतीं ना?” पुढें आठ दिवस ती गॅलरींत फिरकली नाहीं.

तीं फुलपाखरेंच होणार होतीं. ‘कॉमन मॉर्मन’ नांवाच्या काळ्या फुलपाखराची मादी कोंवळ्या पानांवर एकेक अंडें घालते. लहानपणीं अळी विष्ठेचें सोंग घेते, म्हणजे पक्षी तिला टाळतात. मोठी झाली कीं पानासारखी हिरवी होते. आणि डिवचली तर डोक्यामागून लाल, दुभंगलेलें, उग्र वासाचें शिंग बाहेर काढते. हिला लिंबू, कढीलिंब, बेल या एकाच कुळांतलीं पानें लागतात. 2015 सालीं महाराष्ट्रानें राज्य-फुलपाखरूं म्हणून मान दिलेलें ‘ब्लू मॉर्मन’ याच कुळाच्या झाडांवर वाढतें. बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान आपल्या उपनगरांना इतकें खेटून आहे, कीं तेथून भरकटलेली एखादी मादी आपल्या लिंबाच्या कुंडीपर्यंत सहज येईल. फुलांचा मध पिणारीं फुलपाखरें हवीं आणि पानें खाणाऱ्या अळ्या मात्र नकोत, हा हिशेब जमायचा कसा?

माझ्या फवारणीचें दुसरें फळ महिन्यानें दिसलें. जास्वंदीवर मावा पूर्वीपेक्षां दाट चढला. मावा खाणारे ढालकिडेही त्या औषधानें मेले होते. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आपण ओळखतों. त्याची अळी मात्र इवल्याशा सुसरीसारखी दिसते, आणि माळीसुद्धां तिला कीड समजून चिरडतात. 1888 सालीं कॅलिफोर्नियांतील संत्र्या-लिंबांच्या बागा एका खवले-किडीनें ओस पडूं लागल्या होत्या. त्या ऑस्ट्रेलियाहून आणविलेल्या अशाच एका ढालकिड्यानें सांवरल्या. आमच्या दहा फुटांत मीं त्याला विष घातलें होतें. कारल्याच्या वेलालाही माशी फिरकेना. नर आणि मादी फुलें वेगळीं असल्यानें परागावांचून कोंवळीं कारलीं पिवळीं पडून गळूं लागलीं.

तेव्हांपासून औषध बंद. मावा फारच झाला तर पाण्याच्या जोरदार धारेनें धुवून टाकावा. मुंग्या मात्र हटवाव्या, कारण माव्याच्या गोड स्रावासाठीं त्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकतात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या म्हणजे तुळस पसरते, हें खरें. पण एक कुंडी न खुडतां ठेवावी. आमच्या त्या कुंडीवर सकाळीं आठच्या सुमारास मुंगीएवढ्या काळ्या, डंख नसलेल्या मधमाशा येतात. त्या भिंतींच्या भेगांत राहतात. कोपऱ्यांतलीं सगळीं जाळीं झाडूं नयेत. शिंजीर आपलें लोंबतें घरटें कोळिष्टकांनींच विणतो.

दाण्यांविषयीं मात्र माझें मत कठोर आहे. गॅलरींत धान्य टाकणें म्हणजे कबुतरांना आवतण. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ कित्येकांच्या फुप्फुसांना बाधते. कबुतरखाने बंद करण्यावरून 2025 सालीं मुंबईंत केवढा वाद पेटला, तें आपणांस स्मरत असेलच. पाणी ठेवावें, पण उथळ परळांत, आणि तें रोज ओतून परळाची कड घांसावी. डेंग्यूचा डास अंडीं कडेलाच चिकटवतो आणि आठवड्याभरांत नवा डास उडतो. कुंडीखालच्या बशींत वाळू भरावी.

गेल्या पावसाळ्यांत कढीलिंबावर पुन्हां ठिपके दिसले. नातीनें वहींत नोंद ठेवली: नऊ अळ्या. त्यांतल्या पांच एका दयाळानें उचलल्या, तेव्हां ती रडकुंडीला आली. पण दयाळालाही पिलें असतात, हें तिनें आपणच मला सांगितलें. उरलेल्यांपैकीं दोन कोष झाले, आणि एका सकाळीं शाळेची बस चुकवून तिनें एक ओलें, चुरगळलेलें फुलपाखरूं पंख वाळवीत बसलेलें पाहिलें. झाडाला एक पान उरलें नव्हतें. पंधरा दिवसांनीं पालवी फुटली. तोंवर आमच्या घरीं कढीसाठीं कढीलिंब भाजीवालीकडून येत होता.