वडगावचा विजय आणि सालबाईचा तह

(चिखली येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिखलीपासून वडगाव मावळ वीस-पंचवीस किलोमीटरांवर आहे. पाळीला जाणारे-येणारे कामगार लोकलमधून रोज ते स्टेशन पाहतात. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांच्या मुंबई सरकारचे सैन्य तेथे कोंडले गेले आणि त्याला मानहानीचा करार लिहून द्यावा लागला. हा प्रसंग अभिमानाने सांगितला जातो आणि तो अभिमानास्पद आहेही. परंतु त्या विजयाचे पुढे सव्वातीन वर्षांनी झालेल्या सालबाईच्या तहात काय उरले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कार्यकर्त्यांच्या दृष्टीने खरा बोध त्या प्रश्नातच आहे.

या युद्धाचे निमित्त घरभेदीपणाचे होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. बारभाईंनी राघोबादादाला पदच्युत केल्यावर तो इंग्रजांच्या आश्रयाला गेला. मुंबईकर इंग्रजांचा डोळा फार पूर्वीपासून साष्टी आणि वसईवर होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने पोर्तुगीजांकडून जिंकलेला हा मुलूख मुंबई बेटाच्या दाराशी होता. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने साष्टी, वसई आणि सुरत-भडोचच्या वसुलातील वाटा राघोबाकडून लिहून घेतला. मोबदला म्हणून त्याला गादीवर बसविण्यासाठी अडीच हजार फौज द्यावयाची होती आणि तिचा खर्च, दरमहा दीड लाख रुपये, त्यानेच सोसायचा होता. ज्या मुलखाचा सौदा झाला, त्यातील कुणबी, कोळी, आगरी यांना कोणी विचारले नाही.

१८ मे १७७५ रोजी गुजरातेत अडासला लढाई झाली. तिने काहीच निकाली निघाले नाही. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने सुरतेचा तह अमान्य केला आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरला दुसरा तह केला. त्या तहातही साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. मुंबईकरांनी तो तह मनापासून पाळला नाही, आणि लंडनच्या संचालकांनी तर सुरतेच्या तहाचीच पाठ थोपटली. कंपनीची तीन तोंडे होती. जे तोंड त्या वेळी सोयीचे, त्याचा शब्द खरा ठरे.

इकडे १७७७ मध्ये फ्रेंचांचा वकील सेंट ल्युबिन पुण्यात येऊन राहिला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकन वसाहतींच्या बंडावरून इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले. वसाहतवादी साम्राज्यांच्या जागतिक झगड्याची एक आघाडी अशा रीतीने सह्याद्रीच्या घाटापर्यंत येऊन पोहोचली. हेस्टिंग्जने काल्पीहून एक फौज मध्य हिंदुस्थानातून पश्चिमेकडे रवाना केली. ती येऊन पोहोचण्याची वाट न पाहता मुंबईकरांनी राघोबाला घेऊन पुण्यावर चाल केली.

सुमारे ३,९०० सैनिक आणि १९,००० बैल असा तो तांडा बोरघाट चढून आला, तेव्हा त्याची चाल दिवसाला मैलभरही होत नव्हती. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. मराठ्यांनी या शूर शत्रूला ‘इष्टुर फाकडा’ असे नाव दिले. महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांनी समोरासमोर मोठी लढाई न देता शत्रूची रसद तोडली. ९ जानेवारीस इंग्रज तळेगावात शिरले, तेव्हा गाव जाळून ओसाड केलेले होते. दाणा नाही, वैरण नाही. पुढे चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळण्याची तयारी झाली होती. ज्या चिंचवडच्या देवस्थानापुढे पेशवे हात जोडत, तेही राखेच्या हिशेबात धरलेले होते. ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात टाकून इंग्रज मागे फिरले. वडगावला त्यांना चहूकडून घेरले गेले आणि १६ जानेवारीस त्यांनी करार केला. १७७३ नंतर घेतलेला सर्व मुलूख, म्हणजे साष्टीही, परत द्यावयाची आणि राघोबाला स्वाधीन करावयाचे, असे त्यात ठरले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. हा विजय जेवढा तलवारीचा, तेवढाच तळेगावच्या रयतेच्या जळलेल्या घरांचा आणि कणगींचा होता. इष्टुर फाकड्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. ज्यांची घरे जळाली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणाला ठाऊक नाही.

मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही सरकारांनी वडगावचा करार ताबडतोब झिडकारला. तेव्हा नाना फडणीसांनी खरोखर मोठे राजकारण उभे केले. हैदर, निजाम, नागपूरकर भोसले आणि पुणे दरबार अशी चौघांची इंग्रजांविरुद्ध आघाडी झाली. सप्टेंबर १७८० मध्ये हैदरच्या फौजेने पोलिलूर येथे इंग्रजांचा दारुण पराभव केला. एप्रिल १७८१ मध्ये बोरघाटात आलेल्या गॉडर्डला पनवेलकडे माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात यॉर्कटाउनला इंग्रज सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. कंपनी एवढ्या अडचणीत क्वचितच सापडली असेल.

परंतु आघाडी आतून फुटत होती. फत्तेसिंग गायकवाडाने जानेवारी १७८० मध्येच गॉडर्डशी गुजरातच्या वाटणीचा करार केला होता. भोसल्यांना हेस्टिंग्जने पैसा देऊन स्वस्थ बसविले. निजाम बाजूला सरकला. वसई डिसेंबर १७८० मध्ये पडली. ग्वाल्हेर गमावल्यावर आणि माळव्यात मार खाल्ल्यावर महादजींना उत्तरेतील आपल्या सत्तेची चिंता लागली. १७ मे १७८२ रोजी त्यांच्याच मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. पुरंदरनंतर इंग्रजांनी घेतलेला मुलूख, वसईसह, परत मिळाला आणि राघोबाला दरमहा २५,००० रुपयांचा तनखा ठरला. भडोच शिंद्यांना मिळाले. साष्टी मात्र कायमची इंग्रजांकडे गेली. आणि हैदरने जिंकलेला मुलूख सोडावा, अशी अट त्याला न विचारता घालण्यात आली.

ज्याच्याबरोबर शपथा घेतल्या होत्या त्याच्या पाठीमागे केलेला हा तह होता. नानांनाही ते बोचले असावे. हैदर ७ डिसेंबर १७८२ ला वारला आणि त्यानंतरच नानांनी तहाला मान्यता दिली. टिपू एकटा लढत राहिला. १७९० मध्ये टिपूवर चालून गेलेल्या इंग्रजांच्या बाजूला मराठी फौजाही होत्या. १८०२ च्या अखेरीस वसईला दुसरा बाजीराव तैनाती फौज पत्करून मोकळा झाला, आणि १८१८ मध्ये पुण्याचे राज्य संपले. सालबाईने मिळवून दिलेल्या वीस वर्षांच्या शांततेचा उपयोग इंग्रजांनी एकेकाला वेगळे गाठण्यासाठी केला.

मराठी सरदारांना दोष देऊन हा हिशेब मिटत नाही. ते सरंजामदार होते. गुजरात आणि माळव्याची रयत त्यांनाही वसुलीचे साधनच वाटे, आणि म्हणून प्रत्येकाचे गणित आपल्या सरंजामाच्या हद्दीपुरते होते. अशा आघाडीला पायाच नसतो. तिच्यात ज्यांची घरे जळतात, त्यांना तहाच्या बैठकीत जागा नसते.

या औद्योगिक पट्ट्यातील कामगाराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. एका गेटवरच्या कामगारांनी शेजारच्या गेटला अंधारात ठेवून केलेला करार किती दिवस टिकतो, हे तो अनुभवाने जाणतो. एकजुटीने मिळविलेले यश वेगवेगळ्या दारांनी विकले जाऊ नये, यासाठी ज्यांनी किंमत मोजली त्यांना वाटाघाटींचा शब्द न् शब्द माहीत असला पाहिजे, आणि त्यांच्या संमतीवाचून सही होता कामा नये. वडगावचा विजय साजरा जरूर करावा. पण तो साजरा करताना तळेगावची राख आणि सालबाईचा कागद हे दोन्ही डोळ्यांसमोर ठेवावेत.