डोंगर कुणाचा, चांदी कुणाची?
(शिबिरातलं भाषण)



काही देश श्रीमंत, पुढारलेले, नि काही मागास, असं का? शाळेत आम्हाला शिकवलं की त्यांना अक्कल होती, ते मेहनती होते. आपल्यालाही बाजारात हेच ऐकवतात. आदिवासी आळशी, म्हणून गरीब. आम्ही एकाच डोंगराची गोष्ट सांगतो.

दक्षिण अमेरिकेत, आजच्या बोलिव्हिया देशात, पोतोसी म्हणून गाव आहे. तिथले आदिवासी अडाणी नव्हते. आपण खातो तो बटाटा मूळचा त्यांच्याच मुलखातला. उतारावर दगडी बांध घालून ते शेती करत, पाटाचं पाणी देत. सडका, पूल बांधायला प्रत्येक गावाने पाळीने माणसं द्यायची, या रीतीला ते मिता म्हणत.

मग स्पेनचे लोक आले. घोडे, बंदुका आणल्या, नि देवीचा रोगही. 1545 साली पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली. साहेबांनी तीच जुनी रीत उचलली आणि तिची वेठ केली. दर वर्षी सात बाप्यांतला एक खाणीत. अशी वर्षाला तेरा हजार माणसं. लांबची गावं बायकापोरं घेऊन कित्येक आठवडे चालत यायची. चांदी वेगळी करायला पारा वापरत, ते तर विषच. बरेच जण परतलेच नाहीत. वेठ चुकवायला लोक गाव सोडून पळाले, आणि गाव सुटलं की जमिनीवरचा हक्कही सुटला.

चांदी जहाजांनी युरोपात गेली. स्पेनलासुद्धा ती पचली नाही. लढायांत आणि सावकारांच्या व्याजात गेली. पुढे इंग्लंड, हॉलंडच्या व्यापाऱ्यांनी अशाच चांदीवर आपल्या देशातलं कापड विकत घेतलं आणि नफा केला. यंत्रं त्यांनी केली, कोळसा त्यांच्याकडे होता, हे खरंच आहे. पण त्या डोंगराखालची माणसं आळसाने गरीब झाली, असं कुणी म्हणेल का?

आता आपल्या रानाचं बघा. इंग्रजांनी 1878 साली जंगल कायदा केला. साग रेल्वेच्या स्लीपरांना गेला, आणि आपण आपल्याच रानात चोर ठरलो. अजून दंड भरतोय.

त्या दंडाच्या पावत्या फेकू नका. पावतीवर तारीख असते. त्या साली ती जमीन आपण कसत होतो, हे खात्यानेच लिहून दिलंय. पुढच्या बैठकीला प्रत्येक घराने पावत्या आणायच्या. पेटीतल्या आणा, कुडात खोचलेल्या असतील त्याही आणा.