मोबाईल टॉवर, महामारी आणि आपण
(सुवर्णमहोत्सवानिमित्त चौसाळा येथे दिलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. पदवी वाणिज्य शाखेची. विज्ञानाशी संबंध शाळेपुरताच. तरीही हा विषय मी आग्रहाने मागून घेतला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, एक संदेश घरोघरी फिरत होता. माणसे विषाणूने नव्हे तर फाइव्ह-जीच्या चाचणीने मरत आहेत, घशाला कोरड पडते ती टॉवरच्या किरणांमुळे, असा त्याचा आशय होता. दुकानात तो मला तिघांनी दाखविला आणि तिघेही शिकलेले होते.

अशा माणसांना अडाणी ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. त्याच एप्रिलमध्ये आपल्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, एका रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानभूमीकडे न्यावे लागले होते. ज्यांनी ते वाचले, त्यांना डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूपेक्षा समोर उभा असलेला लोखंडी टॉवर अधिक खरा वाटला, यात नवल नाही.

तथापि तारखांचा मेळ घालून पाहावा. चाचण्यांची परवानगीच मुळी ४ मे २०२१ रोजी देण्यात आली. लाट तर त्याआधी दोन-अडीच महिन्यांपासून चढत होती. १० मे रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने जाहीर केले की, देशात कोठेही चाचणी सुरू झालेली नाही. प्रत्यक्ष सेवा आली ती १ ऑक्टोबर २०२२ रोजी. माल दुकानात उतरण्याआधीच गिऱ्हाईक रंग गेल्याची तक्रार घेऊन यावे, तसा हा प्रकार! विषाणू एका श्वासातून दुसऱ्या श्वासात जातो. रेडिओ लहरींवर बसून तो येत नाही. इंग्लंडसारख्या प्रगत देशातही एप्रिल २०२० मध्ये लोकांनी टॉवर पेटविले. त्यांपैकी एक बर्मिंगहॅमच्या तात्पुरत्या कोरोना रुग्णालयाला सेवा देणारा होता.

आपल्याकडे त्या दिवसांत खाट कोठे मिळेल, ऑक्सिजन कोठे आहे, हे फोनवरूनच कळत होते. १८ ते ४४ वयोगटाची लसीची नोंदणी २८ एप्रिल २०२१ पासून प्रारंभी केवळ ऑनलाइन होती. सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीची मुभा २४ मेपासून मिळाली. आजारी माणसाच्या गावातला टॉवर बंद पाडणे म्हणजे त्याच्या हातातील काठी काढून घेणे होते.

दुसरे नुकसान मला अधिक टोचते. टॉवरच्या किरणोत्सर्गाविषयी विचारण्याजोगा एक खरा प्रश्न होता आणि तो आपल्या राज्यातच नेटाने विचारला गेला होता. २००९-१०च्या सुमारास मुंबईत कारमायकेल रोडवरील ‘उषाकिरण’ इमारतीत कर्करोगाचे रुग्ण आढळले, तेव्हा रहिवाशांनी समोरच्या इमारतीवरील अँटेनांवर बोट ठेवले. तो संबंध सिद्ध झाला नाही. पण पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागाला अहवाल दिला, केंद्राने आंतरमंत्रालयीन समिती त्याआधीच नेमलेली होती, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून किरणोत्सर्गाची मर्यादा आधीच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणण्यात आली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला ४.५ वॅटवरून ०.४५ वॅट झाली. तक्रार, समिती, अहवाल, आकडा या मार्गाने हे घडले. टॉवर जाळून काय मिळाले असते?

अभिनेत्री जुही चावला यांचे उदाहरण यासाठीच लक्षात ठेवावे. कितीतरी वर्षे त्या मुंबईतील टॉवरविषयी बोलत होत्या. मात्र फाइव्ह-जी सुरक्षित असल्याचे प्रमाणित करावे, हा त्यांचा दावा दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला तो ऐन लाटेत. ४ जून २०२१ रोजी न्यायालयाने तो सदोष व प्रसिद्धीसाठी असल्याचे सांगून फेटाळला आणि २० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२२ मध्ये खंडपीठाने ती रक्कम २ लाखांवर आणली. सुनावणीत कोणीतरी मधूनच चित्रपटगीते गायिली, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती गाणीच.

मग धोका आहे की नाही? मोबाईलच्या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशीतील रेणू तोडणाऱ्या नाहीत. प्रमाण अतिशय वाढले तर त्या ऊब निर्माण करतात. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्यांना ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात घातले. त्याच वर्गात आशियाई पद्धतीची मुरवलेली लोणचीही आहेत, हे आमच्या घरी सांगितल्यावर बराच वेळ शांतता होती. २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. रेंज कमी असेल तेव्हा कानाशी धरलेला फोन जास्त शक्तीने लहरी सोडतो. टॉवर दूर घालविला की डोक्याजवळचा किरणोत्सर्ग वाढू शकतो.

हे सर्व सांगण्यास एक निकडीचे कारण आहे. आपल्या धर्मशाळेच्या गच्चीवर टॉवर उभारण्याचा प्रस्ताव ट्रस्टकडे आलेला आहे. भाडे चांगले आहे. काही भगिनींचा विरोध आहे, आणि तो ‘कोरोनाची अफवा’ म्हणून उडवून लावला जात असल्याचे मी ऐकले. हे योग्य नव्हे. अँटेनेचा झोत समोर, किंचित खाली झुकलेला असतो. थेट तिच्या खाली तो क्षीण असतो आणि अंतरागणिक झपाट्याने कमी होतो. अर्थात धर्मशाळेत उतरणाऱ्यापेक्षा समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर तो अधिक पडणार. भाडे आपल्याला आणि झोत शेजाऱ्याला, हा व्यवहार शेजाऱ्याला न विचारता करता येणार नाही, तो शेजारी आपल्या समाजाचा असो वा नसो.

टॉवरचे मापन करून घेता येते, त्यासाठी शासनाने ४,००० रुपये शुल्क ठरविले होते. २०१७ साली ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ त्याचसाठी सुरू झाले. कापड आपण थान उलगडून, गिऱ्हाइकासमोर मोजून देतो; इथेही तसेच व्हावे. माझ्या मते इमारतीच्या मजबुतीचा दाखला आणि जनरेटरचा धूर व आवाज यांची चौकशी तर किरणांच्याही आधी व्हावी, कारण तो त्रास नक्कीचा आहे. आणि टॉवरसाठी आधी अनामत भरा, असे फोनवर कोणी म्हणाले तर तो फसविणारा समजावा.

विश्वस्तांना मी लेखी सूचना दिली आहे. टॉवर सुरू होताच समोरच्या घरांच्या खिडकीतून मापन व्हावे, नवी अँटेना बसली की पुन्हा व्हावे, खर्च भाड्यातून जावा आणि अहवाल मराठीत धर्मशाळेच्या फलकावर लागावा. मर्यादा ओलांडली गेल्यास करार रद्द करण्याचे कलम त्यात असावे. सोमवारच्या बैठकीला समोरच्या घरांतील मंडळींनाही निमंत्रण गेलेले आहे.

जय जिनेंद्र.