बालहक्क करार आणि ऊसतोडीची मुले

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ रोजी मंजूर झाला. भारताने तो ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. त्यातला शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

इथवरचे काम म्हणजे गिरणा धरणातून आवर्तन सुटणे. पाणी सुटल्याची नोंद धरणावर होते. शेतकरी मात्र आवर्तन मोजतो ते आपल्या चारीवर. वरच्या अंगाला पिके तरारतात आणि टेलच्या शेतात ढेकूळसुद्धा भिजत नाही, हे जळगाव जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. बालहक्कांच्या पाटावर टेलला आहे ते ऊसतोड मजुराचे मूल.

दसरा-दिवाळी झाली की चाळीसगावच्या तांड्यांवरून, साक्री-शिरपूरच्या पाड्यांवरून कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, निघतात. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही बारडोलीकडे. मुलांचे शाळेचे दुसरे सत्र उसाच्या फडातच सरते. धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण लागते, म्हणून तिची शाळा आधी सुटते. बारडोलीला गेलेल्या पावरा मुलाने घरी पावरी बोलावी, शाळेत मराठी गिरवावी आणि नोव्हेंबरात गुजराती फळ्यासमोर बसावे, हे फार झाले.

कायद्यात वाट आहे. कलम ५ प्रमाणे मुलाला राज्यात किंवा राज्याबाहेर शाळा बदलण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि तो उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. पुन्हा सांगायला हवे: दाखला हाती नसला तरी प्रवेश द्यावाच लागतो. स्थलांतरितांच्या मुलांचा प्रवेश ही कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. महाराष्ट्रात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, आई-वडील गेल्यावर मुलाला गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहेही आहेत.

तरी मूल फडातच राहते. गावच्या शाळेला पटावरचे नाव सोडवत नाही, कारण पटावर शिक्षकांची पदे ठरतात; फडाजवळच्या शाळेला ते चार महिन्यांचे पाहुणे वाटते. दोन्हीकडे कागद नीट आणि बाक रिकामा. हा हिशेब मोठ्यांच्या सोयीचा आहे.

करारानुसार सरकारला ठरावीक काळाने संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या बालहक्क समितीला अहवाल द्यावा लागतो. त्यात कायद्यांची यादी असते. मोजणी व्हायला हवी ती डिसेंबरात, फडावर. धरणावर नव्हे, चारीवर.

मुकादम मजुरांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटतो तेव्हाच कोणता कोयता कुठल्या कारखान्याला जाणार, हे त्याच्या वहीत चढलेले असते. ती नावे शाळा व्यवस्थापन समितीने तेव्हाच मिळवली, तर वसतिगृहाचा ठराव ट्रक निघण्याआधी होतो. ट्रक गेल्यावर उघडलेल्या वसतिगृहात राहायला मूलच उरत नाही.